लुंबिनीला जाताय? नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका

गोंदिया : धानाची मळणी आटोपली की जिल्ह्यातील गावागावांत लुंबिनी यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. व्हिसा लागत नाही, हिंदी सगळ्यांना समजते. त्यामुळे नेपाळ परदेश आहे हेच मंडळी विसरतात आणि नाक्यावर अडतात.

आधी कागदाचे पाहा. नियमाप्रमाणे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदान कार्ड लागते. आधार फक्त 15 वर्षांखालची लेकरं आणि 65 च्या वरच्या म्हाताऱ्यांना चालते. 15 ते 18 वयाच्या पोरापोरींसाठी मुख्याध्यापकांचे ओळखीचे प्रमाणपत्र घ्यावे. "कोणी विचारत नाही" असे गाडीवाला सांगेल, पण विचारले तर तो मदतीला येणार नाही. झेरॉक्स नको, मूळ कार्डच ठेवा.

गोंदियाहून बरौनी एक्स्प्रेसने वाराणसी, तिथून गोरखपूर, पुढे रस्त्याने सोनौली सुमारे 100 किलोमीटर. कमान ओलांडली की भैरहवा, तिथून लुंबिनी 25 किलोमीटरच्या आसपास. स्वतःची गाडी असेल तर भन्सार, म्हणजे तिथल्या कस्टमची पावती फाडावी लागते. घड्याळ 15 मिनिटे पुढे करा.

खरा गोंधळ पैशात होतो. आपले 100 रुपये म्हणजे नेपाळी 160. दुकानदार भाव सांगतो तेव्हा "आयसी की एनसी?" हे विचाराच. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. न विचारता दिले तर 100 च्या वस्तूला 160 मोजल्यासारखे होते. 100 च्या नोटा जास्त ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. 2024 पासून काही दुकानांत यूपीआय चालते. तिथल्या पाटीवरचे 'फोनपे' मात्र नेपाळी कंपनीचे आहे, आपले नव्हे. उरलेले नेपाळी पैसे सोनौलीलाच बदला, इकडे कोणी घेणार नाही. आपले सिमही रोमिंगशिवाय बंद पडते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

बोलताना दाई (दादा), दिदी म्हणा. कोणालाही 'बहादूर' म्हणून हाक मारू नका, तिथे राग येतो. बुद्ध भारतात जन्मले असेही बोलून जाऊ नका. जन्मस्थळ नेपाळात आहे आणि त्यांना त्याचा मोठा अभिमान आहे.

मायादेवी मंदिरात तिकीट काढून, चप्पल बाहेर ठेवून जावे. आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेर अशोकाचा स्तंभ आहे, त्याला हात लावू नये. इ.स.पू. 249 च्या सुमाराचा हा लेख शेतकऱ्याने समजून घ्यावा असा आहे: बुद्धाचे गाव म्हणून सम्राटाने लुंबिनीचा एक कर माफ केला आणि उत्पन्नाचा हिस्सा आठव्यावर आणला.

आवार मोठे आहे. म्हाताऱ्यांसाठी ई-रिक्षा करा. आजूबाजूला आपल्यासारखीच धानाची शेती, आणि सारसही दिसतात. डिसेंबर-जानेवारीत धुके पडून गाड्या तासन् तास उशिरा धावतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचे तिकीट पाहावे.