सोप ऑपेरा : आत्मपर पुस्तके

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांत काम केलेल्या लेखक, निर्माते व नटनट्यांची आत्मचरित्रे, आठवणी आणि व्यवसायकथने. येथे मुख्यतः अमेरिकेतील दुपारच्या मालिकांचा विचार केला आहे. १९५०च्या दशकात या मालिका थेट प्रक्षेपित होत. पुढे चित्रफिती आल्या, तरी त्या पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. सुरुवातीच्या काळातील असंख्य भाग त्यामुळे कायमचे नाहीसे झाले. त्या काळाच्या अभ्यासकाची भिस्त उरलेल्या संहिता, कार्यालयीन कागदपत्रे आणि या पुस्तकांवर असते.

लेखकांची पुस्तके : अर्ना फिलिप्स (१९०१–७३) यांची ‘पेंटेड ड्रीम्स’ (शिकागो, १९३०) ही रेडिओ मालिका सामान्यतः या प्रकारातील पहिली मानली जाते, याबाबत मतभेद आहेत. ‘द गायडिंग लाइट’ (रेडिओ १९३७, दूरचित्रवाणी १९५२) व ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ (१९५६–२०१०) या मालिका त्यांच्याच. ‘ऑल माय वर्ल्ड्स’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले नाही. त्याची प्रत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे.

त्यांच्या शिष्या अ‍ॅग्नेस निक्सन (जन्म १९२२, काही जुन्या नोंदींत १९२७) यांचे ‘माय लाइफ टू लिव्ह’ त्यांच्या निधनानंतर, २०१७ मध्ये निघाले. मृतास घालावयाचे कपडे तयार करण्याचा त्यांच्या वडिलांचा कारखाना होता व मुलीने तोच सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. लेखनाचे खूळ डोक्यातून जावे म्हणून त्यांनीच मुलीची फिलिप्स यांच्याशी भेट ठरवली. फिलिप्स यांनी मुलीची संहिता तिच्यासमोरच वाचून काढली आणि लगेच नोकरी देऊ केली. निक्सन यांनी पुढे ‘वन लाइफ टू लिव्ह’ (१९६८) व ‘ऑल माय चिल्ड्रन’ (१९७०) या मालिका निर्माण केल्या. १९६२ मध्ये ‘द गायडिंग लाइट’मधील बर्ट बाउअर या गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याचे कथानक त्यांनी लिहिले, मात्र ‘कर्करोग’ व ‘गर्भाशय’ हे दोन्ही शब्द संवादांत येऊ द्यायचे नाहीत, ही अट होती. तपासणीचे महत्त्व स्त्री-प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याचे काम या आडवळणाने झाले.

या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ हार्डिंग लेमे यांचा ‘एट इयर्स इन अनदर वर्ल्ड’ (१९८१) होय. लेमे मूळचे नाटककार. त्यांनी प्रकाशनसंस्थेतही नोकरी केली होती. ‘इनसाइड, लुकिंग आउट’ (१९७१) हे त्यांचे पहिले आत्मकथन. १९७१ ते १९७९ या काळात ते ‘अनदर वर्ल्ड’चे मुख्य लेखक होते. ही मालिका फिलिप्स यांनी १९६४ मध्ये सुरू केली होती आणि लेमे यांना आरंभी मार्गदर्शन करण्यासाठी त्यांनाच नेमण्यात आले. मालिकेची मालकी साबण-उत्पादक प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे असल्याने लेखकाला वाहिनी आणि कंपनी अशा दोघांची मर्जी राखावी लागे. जानेवारी १९७५ मध्ये दैनिक भाग अर्ध्या तासाचा एक तास झाला. म्हणजे जाहिराती धरून आठवड्याला अडीच तासांऐवजी पाच तास भरणे आले. मार्च १९७९ मध्ये तो दीड तासावर गेला व लेमे त्याच वर्षी बाहेर पडले. लेखनाचा रगाडा, निर्मात्यांशी होणाऱ्या बैठका आणि संवाद मनाप्रमाणे बदलणारे नट यांचे इतके तपशीलवार चित्रण अन्य पुस्तकांत क्वचितच आढळते. १९७५ मध्ये दोन लोकप्रिय कलावंत मालिकेबाहेर गेले, त्याविषयीची लेमे यांची बाजू एकतर्फी समजावी.

नटनट्यांची पुस्तके : संख्येने अधिक, संहितेच्या अभ्यासकास उपयोग मर्यादित. मेरी स्टुअर्ट (‘सर्च फॉर टुमॉरो’, १९५१–८६) : ‘बोथ ऑफ मी’ (१९८०). आयलीन फुल्टन : ‘हाउ माय वर्ल्ड टर्न्स’ (१९७०), ‘अ‍ॅज माय वर्ल्ड स्टिल टर्न्स’ (१९९५), आपल्या पात्राला आजी करू नये, असे कलम त्यांनी करारात घालून घेतले होते. सुझन लुची : ‘ऑल माय लाइफ’ (२०११), एमी पुरस्कारासाठी अठरा वेळा नामांकन होऊनही डावलल्यानंतर १९९९ मध्ये तो मिळाला. जीन कूपर : ‘नॉट यंग, स्टिल रेस्टलेस’ (२०१२).

ब्रिटन : ‘कोरोनेशन स्ट्रीट’चे (१९६०) जनक टोनी वॉरन यांचे ‘आय वॉज इना शार्पल्स’ फादर’ (१९६९).

भारत : ‘हम लोग’चे (१९८४–८५) लेखक मनोहर श्याम जोशी यांचे ‘पटकथा लेखन : एक परिचय’ हे हिंदी पुस्तक आठवणींचे नसले, तरी अनुभवावर आधारलेले असल्याने उल्लेखनीय. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी काढलेल्या मालिकांच्या धर्तीवर ‘हम लोग’ रचली गेली होती. ‘साँस’च्या लेखिका-दिग्दर्शिका नीना गुप्ता यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘सच कहूँ तो’ (२०२१).

मराठी : ‘जय मल्हार’चे (२०१४) निर्माते महेश कोठारे यांचे ‘डॅम इट आणि बरंच काही’.