पेटी चितेगावची, हक्क मुंबईचे

पैठण रस्त्यावर छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादपासून, 14 किलोमीटरवर चितेगाव आहे. 1982च्या आशियाई स्पर्धांनी देशात रंगीत टीव्हीचे पर्व सुरू केले. त्याच दशकात धूत परिवाराच्या व्हिडिओकॉनने जपानच्या तोशिबाचे तांत्रिक सहकार्य घेऊन रंगीत संच बनवले आणि मराठवाड्यातले हे गाव देशभरच्या दिवाणखान्यांशी जोडले गेले. हा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे, पण तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. त्या संचावर घरबसल्या सिनेमा कोणत्या कॅसेटवरून किंवा डिस्कवरून दिसणार, हे संच बनवणाऱ्यांच्या हाती नव्हते. तंत्र तुल्यबळ असेल, तर सिनेमांचे हक्क ज्यांच्याकडे असतात तेच निकाल लावतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तोशिबाच्याच अनुभवात सापडतो. 2006 मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी व तिच्या साथीदारांची ब्लू-रे आमनेसामने आल्या. चित्राच्या दर्जात सामान्य प्रेक्षकाला जाणवेल असा फरक नव्हता. युनिव्हर्सल आणि पुढे पॅरामाउंट तोशिबाच्या बाजूला राहिले. डिस्ने, फॉक्स आणि सोनीचा स्वतःचा स्टुडिओ ब्लू-रेकडे गेले. वॉर्नर दोन्हीकडे सिनेमे देत होता. 4 जानेवारी 2008 रोजी त्याने यापुढे फक्त ब्लू-रे, असे जाहीर केले आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. ब्लू-रेला खरे बळ प्लेस्टेशन 3ने दिले, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही, कारण त्या खेळयंत्रामुळे ब्लू-रे लाखो घरांत पोचली होती. पण ही आघाडी असूनही झुंज वर्षभर रेंगाळली. ती संपली वॉर्नरच्या घोषणेनंतर, अवघ्या दीड महिन्यात.

याहून वजनदार आक्षेप आपल्याच देशातून येतो. हिंदी निर्मात्यांना व्हिडिओ म्हणजे थिएटरच्या गल्ल्यावर घाला वाटत होता. चोरट्या कॅसेटींना आवर घालण्यासाठी 1984 मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करावा लागला. 1994च्या ‘हम आपके हैं कौन’ची अधिकृत कॅसेट राजश्रीने मुद्दाम रोखून धरली. तरीही व्हीएचएस गावोगावी पोचली आणि पुढे व्हीसीडीही. मग निर्मात्यांच्या पाठिंब्याला किंमत ती काय? अमेरिकेतली जुनी लढतही हेच विचारायला लावते. तिथे 1977 मध्ये फॉक्सचे सिनेमे बीटामॅक्स आणि व्हीएचएस अशा दोन्ही कॅसेटींवर आले. स्टुडिओने बाजू न घेतल्यामुळे यंत्राची किंमत आणि कॅसेटची लांबी महत्त्वाची ठरली. बीटामॅक्सच्या पहिल्या कॅसेटवर तासाभराचेच चित्रण मावे, व्हीएचएसवर दोन तासांचे. म्हणजे हक्कदार तटस्थ राहिले किंवा दूर राहिले, तर निकाल इतर गोष्टी लावतात. भारतात ते दूर राहिले आणि त्यांची जागा बेकायदा प्रती काढणाऱ्यांनी घेतली. साहजिकच, ज्याची नक्कल स्वस्तात निघते तेच माध्यम तगले. हक्कदारांच्या गैरहजेरीनेही एक निवड झालीच. फक्त तिचा पैसा त्यांना मिळाला नाही.

ही गैरहजेरी अटळ नव्हती, हे मोझर बेअरने दाखवून दिले. 2006-07च्या सुमारास या कंपनीने मराठीसह अनेक भाषांतल्या सिनेमांचे हक्क घेतले आणि अधिकृत व्हीसीडी 28 रुपयांना, तर डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. चोरट्या प्रतीच्या तोडीची किंमत अधिकृत मालालाही ठेवता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. ते वीस वर्षे आधी झाले असते, तर निर्मात्यांचा बराच पैसा वाचला असता. म्हणून मराठवाड्याच्या उद्योगाचा हिशेब मांडताना किती संच बनले एवढेच मोजून भागणार नाही. कारखान्यासाठी जमीन, वीज आणि सवलती देणाऱ्या धोरणाने त्या संचावर दिसणाऱ्या सिनेमांच्या हक्कांचाही विचार करायला हवा. नाहीतर पेटी इथे बनत राहील आणि तिचे भवितव्य दुसरेच कोणी ठरवत राहील.