वेष्टन कचरा आणि विस्तारित उत्पादक जबाबदारी

विस्तारित उत्पादक जबाबदारी ही पर्यावरणविषयक कायद्यातील एक संकल्पना आहे. मालाच्या वेष्टनापासून निर्माण होणाऱ्या कचऱ्याचे संकलन, वर्गीकरण व पुनर्चक्रीकरण यांचा खर्च ते वेष्टन बाजारात आणणाऱ्याने सोसावा, असे या संकल्पनेचे सार होय. खोके, पिशवी, भरणसामग्री, चिकटपट्टी, बाटली, डबा व बहुस्तरीय पुडी या सर्वांचा समावेश वेष्टनात होतो. जर्मनीत हे तत्त्व १९९१ पासून, तर भारतात प्लास्टिकपुरते २०११ पासून कायद्यात आले. जर्मन ग्राहकाला थेट माल पाठवणाऱ्या परदेशी ऑनलाइन विक्रेत्यालाही जर्मन कायदा लागू होतो. त्यामुळे वसई-विरारसारख्या लघुउद्योगबहुल शहरातील विक्रेत्यांचा दोन्ही देशांच्या नियमांशी संबंध येऊ शकतो.

संकल्पनेचा उगम

स्वीडिश अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या लेखनात ही संकल्पना मांडली. तोपर्यंत कचरा उचलणे हे सर्वस्वी नगरपालिकेचे काम मानले जाई आणि त्याचा भार करदात्यांवर पडे. वेष्टन कसे व कशाचे असावे हे उत्पादक ठरवी. परंतु त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च मात्र त्याच्या हिशेबात कोठेच येत नसे. हा खर्च उत्पादकाच्या पदरी घातल्यास तो आपोआप हलके, कमी आणि पुनर्वापरास योग्य वेष्टन निवडील, असा या विचारामागील तर्क आहे.

जर्मनीतील कायदा

पर्यावरणमंत्री क्लाउस टोप्फर यांच्या कार्यकाळात जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनविषयक अध्यादेश काढला. त्याच्या पूर्वतयारीसाठी १९९० मध्येच उद्योगांनी नगरपालिकांच्या व्यवस्थेला समांतर अशी स्वतंत्र संकलन यंत्रणा उभारली होती. या ‘दुहेरी पद्धती’त घरगुती वेष्टन कचरा पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या पेटीत वेगळा गोळा केला जातो. शुल्क भरलेल्या वेष्टनावर ‘हिरवा ठिपका’ हे चिन्ह छापले जाई. परस्परांत गुंफलेल्या दोन बाणांचे हे चिन्ह भारतातील खाद्यपदार्थांवरील शाकाहारदर्शक हिरव्या ठिपक्याहून पूर्णतः भिन्न आहे. जर्मनीत ते छापण्याची सक्ती आता राहिलेली नाही.

कालांतराने अनेक उत्पादक शुल्क टाळू लागले. बाजारात आलेले वेष्टन आणि शुल्क भरलेले वेष्टन यांत मोठी तफावत पडून ही व्यवस्था २०१४ च्या सुमारास आर्थिक संकटात सापडली. त्या अनुभवातून नवा वेष्टन कायदा तयार झाला आणि तो १ जानेवारी २०१९ रोजी अमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

नोंदणी: माल पाठवण्यापूर्वी विक्रेत्याने ओस्नाब्रुक येथील केंद्रीय वेष्टन नोंदणी संस्थेच्या ‘ल्युसिड’ या सार्वजनिक नोंदवहीत नाव नोंदवणे बंधनकारक आहे. ही नोंदणी विनामूल्य असून ती विक्रेत्याने स्वतः करावयाची असते.

पद्धतीत सहभाग: ग्राहकाच्या घरी कचरा होणाऱ्या वेष्टनासाठी विक्रेत्याने एखाद्या मान्यताप्राप्त दुहेरी पद्धतीशी करार करून शुल्क भरावे लागते. शुल्क वेष्टनाचा पदार्थ व वजन यांवर ठरते. कागद, काच, प्लास्टिक, धातू असे वर्ग त्यासाठी स्वतंत्र धरले जातात.

माहितीचा मेळ: संबंधित पद्धतीला कळवलेले वजन तेवढेच नोंदवहीतही द्यावे लागते. दोन्ही आकड्यांची पडताळणी केली जाते. वर्षाला काचेचे ८०,००० किलो, कागद व पुठ्ठ्याचे ५०,००० किलो किंवा प्लास्टिक, धातू इत्यादींचे ३०,००० किलो यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्यांना १५ मेपर्यंत तपासणी केलेले संपूर्णता विवरणपत्रही द्यावे लागते.

किमान मर्यादेचा अभाव: सहभागाच्या कर्तव्याला किमान वजनाची सूट नाही. वर्षभरात एकच पार्सल पाठवणाऱ्या व्यावसायिक विक्रेत्यालाही ते लागू होते.

दंड: नोंदणी न केल्यास १ लाख युरोपर्यंत, तर पद्धतीत सहभाग न घेतल्यास २ लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय अशा मालाच्या विक्रीस मनाई आहे.

१ जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठा आणि साठवणूक व पाठवणी करणाऱ्या कंपन्या यांनाही विक्रेत्याची नोंदणी व सहभाग तपासण्याचे बंधन घालण्यात आले. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा माल त्यांना विक्रीस ठेवता येत नाही. परिणामी दंडाच्या भीतीपेक्षा विक्रीखाते बंद होण्याची शक्यता परदेशी विक्रेत्यांना अधिक निकडीची वाटू लागली.

जबाबदारी कोणाची, हे व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरते. वसई पूर्वेतील गाळ्यात तयार झालेली पिशवी कारागिराने टपालाने थेट हॅम्बुर्गच्या ग्राहकाला पाठवली, तर आतील वेष्टन आणि बाहेरचे पाठवणीचे खोके या दोहोंची जबाबदारी त्या कारागिराची असते. तोच माल जर्मन आयातदाराने घाऊक घेतला आणि सीमा ओलांडताना त्याचे कायदेशीर दायित्व आयातदाराकडे असेल, तर ती जबाबदारी आयातदाराकडे जाते.

२०२२ पासून या कायद्याने काच, कागद, पोलाद व अॅल्युमिनियम यांच्या वेष्टनासाठी ९० टक्के, तर पेयांच्या पुठ्ठा-डब्यांसाठी ८० टक्के पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट ठेवले. प्लास्टिकसाठी यांत्रिक पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट ६३ टक्के आहे. युरोपीय संघाचा सर्व सदस्यदेशांना लागू होणारा वेष्टनविषयक विनियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला. त्याच्या सर्वसाधारण अंमलबजावणीसाठी १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. ऑनलाइन विक्रीच्या खोक्यातील रिकामी जागा ५० टक्क्यांहून अधिक नसावी, अशी २०३० पासूनची अटही त्यात आहे.

भारतातील नियम

भारतात २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत या संकल्पनेचा प्रथम उल्लेख झाला आणि २०१६ च्या नियमांनी ती व्यापक केली. तिला निश्चित स्वरूप मिळाले ते १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने. त्यानुसार उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची असते. प्लास्टिक वेष्टनाचे कठीण, लवचिक, बहुस्तरीय व विघटनशील असे वर्ग पाडण्यात आले. संकलनाचे उद्दिष्ट २०२१-२२ साठी २५ टक्के, २०२२-२३ साठी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के असे ठरले. हे उद्दिष्ट पुनर्चक्रीकरण करणाऱ्या उद्योगांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही पूर्ण करता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांना ब्रँडमालकाच्या व्याख्येतून वगळण्यात आले.

जर्मन कायदा सर्व पदार्थांच्या वेष्टनांना लागू आहे, तर भारतीय नियम प्लास्टिकपुरते होते. कागद, काच व धातू यांच्या वेष्टनासाठी तशाच नियमांचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी

२६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर महाराष्ट्राने पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि २३ जून २०१८ पासून दंडात्मक कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठेवण्यात आली. विशेष आर्थिक क्षेत्रे व निर्यातप्रधान उद्योगांतील निर्यातीसाठीच्या वेष्टनाला, तसेच उत्पादनाच्या ठिकाणी होणाऱ्या वेष्टनाला सवलत मिळाली. दुधाच्या पिशवीवर परतखरेदीची किंमत छापण्याची तरतूद ही उत्पादकाच्या जबाबदारीचेच एक रूप होते.

वसई-विरारमधील परिस्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि परिसरातील गावे मिळून स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. ठाणे जिल्ह्याच्या विभाजनानंतर, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून, हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे व नवघर या भागांत भाड्याच्या गाळ्यांतून चालणारे असंख्य लहान कारखाने आहेत.

शहराची कचराभूमी गोखिवरे येथे आहे. तेथे साठलेल्या कचऱ्याला आगी लागण्याच्या आणि धुराचा त्रास होण्याच्या घटना घडल्या आहेत. वसई तालुका एका बाजूला वैतरणा नदीने, दुसऱ्या बाजूला वसईच्या खाडीने वेढलेला असून त्याचा बराच भाग सखल व मिठागरांचा आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत मिठागर वस्तीतील रहिवासी अडकून पडले आणि नालासोपारा येथे रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला. अशा पुराची कारणे अनेक असतात. तथापि नाल्यांत व मोऱ्यांत अडकणारे प्लास्टिक वेष्टन पाण्याचा निचरा मंदावते, हे त्यांपैकी एक आहे.

येथील लहान विक्रेत्याच्या दृष्टीने एक विसंगती दिसून येते. त्याने जर्मनीला पाठवलेल्या खोक्याच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब तेथे द्यावा लागतो व त्याचे शुल्क भरावे लागते. तेच खोके त्याने नालासोपाऱ्यातील ग्राहकाला दिल्यास असा हिशेब द्यावा लागत नाही. त्याच्या विल्हेवाटीचा भार अखेर महानगरपालिकेवर व कचराभूमीलगतच्या वस्तीवर पडतो.

टीका व मर्यादा

जर्मन व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप लहान विक्रेत्यांच्या संदर्भातील आहे. वर्षाला मोजकी पार्सले पाठवणाऱ्याचे प्रत्यक्ष शुल्क थोडे असते. परंतु परकी भाषा, करार व वजनाच्या नोंदी यांचा व्याप त्याला मोठ्या कंपनीइतकाच सोसावा लागतो. उलटपक्षी, सूट दिल्यास शुल्क टाळणाऱ्यांची संख्या वाढून प्रामाणिकपणे शुल्क भरणाऱ्यांवर बोजा पडतो, असे समर्थक २०१४ च्या संकटाच्या आधारे सांगतात.

भारतीय व्यवस्थेत प्रमाणपत्रांची विश्वासार्हता हा कळीचा प्रश्न ठरला. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत काही पुनर्चक्रीकरण उद्योगांनी दिलेली सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली. त्यांत महाराष्ट्रातील उद्योगाचाही समावेश होता. प्रमाणपत्र खोटे असल्यास कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते, कचरा मात्र जागच्या जागीच राहतो.

दुसरा प्रश्न कचरावेचकांचा आहे. महाराष्ट्रात पुठ्ठा, बाटल्या व पत्रा वेगळे काढून भंगारवाल्यापर्यंत पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने हेच कष्टकरी करतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या पुढाकारातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. पुड्यांसारख्या बहुस्तरीय वेष्टनाला भंगारात भाव मिळत नसल्याने ते उचलले जात नाही. उत्पादकांकडून येणारा निधी प्रमाणपत्रांच्या व्यवहारात न अडकता असे वेष्टन उचलणाऱ्या हातांपर्यंत पोहोचावा, अशी या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची मागणी आहे.