फुलांची सभा

तुळशीचे लग्न लागले, पहाटेच्या वाऱ्यात गारवा आला, की देवळातल्या फुलांची परडी पालटते. पावसाळ्यातली पत्री मागे पडते आणि शेवंती, झेंडू, गुलाब ही मंडळी पुढे येतात. माघ शुद्ध पंचमीला कवळ्यास श्रीशांतादुर्गेची जत्रा आणि माघी पौर्णिमेला मंगेशीची जत्रा भरेपर्यंत फुलांचा हा सुकाळ चालू राहतो. देवाच्या अंगावर चढणाऱ्या या फुलांचे कूळ आणि गोत्र मात्र आपण सहसा विचारीत नाही. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोकडचे, तर शेवंती चीनकडची. कोणी तरी बी आणले, कोणी तरी ते जपले, आणि कोणी तरी ते शेजाऱ्याला दिले. देण्याघेण्याच्या या व्यवहाराला नियम, सभासद आणि वार्षिक प्रदर्शन यांची जोड मिळाली, म्हणजे त्याचे उद्यानमंडळ होते. आपल्या देशात असे मंडळ स्थापण्यात पुढाकार घेणाऱ्या गृहस्थाचे नाव मराठी वाचकाला निराळ्याच कारणाने परिचित आहे.

हा गृहस्थ विल्यम कॅरी होय. 1805 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारा आणि 1810 साली मराठीचा शब्दकोश सिद्ध करणारा कॅरी तो हाच. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविण्याचे काम त्याच्याकडे होते आणि या कामी वैजनाथशर्मा या पंडितांचे साह्य त्याला लाभले होते. तो मिशनरी होता आणि धर्मांतर हा त्याच्या जीविताचा उघड हेतू होता. धर्मांतराच्या पायी देव हलवावे लागले त्या भूमीतल्या वाचकाला ही गोष्ट विसरता येणार नाही, आणि ती विसरावी असे आमचे म्हणणेही नाही. परंतु सकाळी छापखान्यात वा पाठशाळेत जाण्यापूर्वी हा मनुष्य बागेत राबत असे. श्रीरामपूरची त्याची ती बाग सुमारे पाच एकरांची होती. या लेखापुरता आपला संबंध तिच्याशीच आहे.

एकदा इंग्लंडातील एका स्नेह्याने त्याला बियांची पिशवी पाठविली. बिया काढून घेतल्यावर पिशवीत उरलेली धूळमाती वाया जाऊ नये म्हणून कॅरीने ती सावलीतल्या जागेत झटकली. काही दिवसांनी तेथे त्याच्या मायदेशातल्या कुरणांवर उगवणारे डेझीचे इवलेसे रोप दिसले. हे फूल त्याने तीस वर्षांत पाहिले नव्हते. त्याच्या देशात ते झाड वर्षानुवर्षे टिकते. बंगालच्या हवेत ते टिकेना. तेव्हा दर हंगामात बी धरायचे आणि पुन्हा पेरायचे, असा क्रम ठेवून त्याने ते जगविले. 1823 च्या महापुरात ही बाग उद्ध्वस्त झाली. त्याने ती नव्याने उभी केली.

हिवाळी बागकामाचे सारे मर्म डेझीच्या या गोष्टीत आहे. थंड देशांत हिवाळा म्हणजे बागेची झोप. आपल्याकडे तोच बागेचा वसंत. पाऊस ओसरताच सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफे करून बी टाकावे, रोपे चार-सहा पानांची झाली की ती हलवावी, म्हणजे फ्लॉक्स, पिटुनिया, कॅलेंड्युला, स्वीट पी ही ऋतुपुष्पे जानेवारीत भरास येतात. गुलाबाची छाटणी दसऱ्याच्या सुमारास केली की दीड-दोन महिन्यांत झाड फुलांनी लवते. जुने माळी छाटणीपूर्वी मुळांवरची माती काढून त्यांना काही दिवस ऊन देत आणि मग आळे खताने भरीत. शेवंती दिवस लहान झाल्याखेरीज कळी धरीतच नाही; तिचा पंचांगकर्ता प्रत्यक्ष सूर्यच. म्हणून भारतातील उद्यानमंडळाचे वर्ष पावसाच्या अखेरीस सुरू होते आणि त्याचा उत्सव पौष-माघात येतो.

1820 च्या एप्रिल महिन्यात कॅरीने एक पत्रक काढून शेती आणि बागाईत यांच्या सुधारणेसाठी मंडळ स्थापण्याची सूचना केली आणि त्याच वर्षी 14 सप्टेंबर रोजी कलकत्त्यास ते स्थापन झाले. आरंभी जमलेली मंडळी अगदी थोडी होती. परंतु पत्रकातील एक कलम त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. एतद्देशीय गृहस्थ या मंडळाचे सभासद होऊ शकतील, इतकेच नव्हे तर युरोपियनांच्या बरोबरीने त्याचे अधिकारीही होऊ शकतील, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. राज्यकारभारात जी समता स्वप्नातही नव्हती, ती वाफ्याच्या कडेला मान्य झाली.

या कलमाचा अर्थ एका उदाहरणाने ध्यानात येईल. 1829 च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचे बंगालीत भाषांतर कॅरीने केले. हे काम हाती येताच त्याने रविवारचे प्रवचन बाजूला ठेवले आणि दिवस मावळण्याच्या आत ते पुरे केले. एक दिवसाचा विलंबही प्राणघातक ठरेल, असे त्याला वाटत होते. दुसरीकडे, धर्माच्या बाबतीत सरकारने हात घालू नये या आग्रहाने 1830 साली कलकत्त्यास धर्मसभा स्थापन झाली. तिचे अग्रणी होते राजा राधाकांत देव, ‘शब्दकल्पद्रुम’ या संस्कृत महाकोशाचे कर्ते. एकाने मराठीचा कोश केला, दुसऱ्याने संस्कृताचा. सामाजिक प्रश्नांत दोघांची तोंडे दोन दिशांना. परंतु बागाईतीच्या या मंडळात कॅरीप्रमाणेच राधाकांत देवही होते. बागेने त्यांचा वाद मिटविला नाही, आणि तो मिटण्यासारखाही नव्हता. मात्र वादापलीकडे माणसाला माणसाशी बोलण्यास एक जागा लागते. ती तिने दिली.

हे मंडळ निव्वळ धनिकांच्या करमणुकीचे राहिले नाही. भाज्यांची प्रदर्शने भरवून प्रत्यक्ष राबणाऱ्या माळ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा त्याने पाडली. हे मोठे शहाणपण होते. बाग ज्याच्या मालकीची, त्याच्या नावाची पाटी फाटकावर असते. परंतु झाड ओळखते ते माळ्याचा हात. कॅरीच्या शेवटच्या आजाराची एक आठवण सांगतात. आपण गेल्यावर बंधू मार्शमन बागेत गाई सोडतील, अशी चिंता त्याने बोलून दाखविली. त्यावर, ती बाग मी पवित्र ठेव म्हणून सांभाळीन, असे मार्शमनने त्याला आश्वासन दिले. 9 जून 1834 रोजी कॅरी वारला. मंडळ मात्र टिकले. 1872 पासून त्याची बाग अलीपूर येथे आहे.

अशा मंडळांचे लोण पुढे देशभर पसरले. पुण्यास एम्प्रेस गार्डनची व्यवस्था पाहणारी संस्था दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरविते. बेंगळुरूच्या लालबागेचे नाते तर आपल्या बडोद्याशी आहे. जी. एच. क्रुंबिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ 1893 साली सयाजीराव महाराजांच्या चाकरीत आला आणि 1908 साली म्हैसूर संस्थानात गेला. तेथे 1912 साली म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी निघाली. लालबागेतल्या काचघराचा पाया 1889 साली घातला गेला होता. त्याच काचघरात प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास आजही फुलांची गर्दी होते आणि ती पाहण्यास माणसांची.

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. हिवाळा सरत आला की गोव्याच्या आणि बेळगावकडच्या रानांत पाने झडलेल्या कुंभ्यावर केसरांचे झुपके असलेली मोठाली फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडतो. या वृक्षाचे शास्त्रीय नाव कॅरेया अर्बोरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने आपल्या या स्नेह्याचे नाव त्याला दिले, आणि रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा वनस्पतिग्रंथ संपादून छापण्याचे ऋण कॅरीने फेडले. कुंभ्याला या नावाची वार्ता नाही. तो आपला दरवर्षी फुलतो.

आपल्या देवस्थानांपाशी जागा आहे, तळी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची फुलांची सेवा आहे. जत्रेला लागणारी फुले पुष्कळदा बाजारातून येतात. ती देवळाच्याच आवारात पिकविण्यास दसऱ्यानंतरचे दोन-तीन महिने आणि दहा-बारा घरांचे हात पुरेत. त्यासाठी सर्वांचे एकमत होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांचे मानपानावरून बोलणे तुटले आहे, त्यांनी एका वाफ्याला पाणी घालावयास तरी एकत्र यावे. उरलेले काम ऋतू करील.