रायफल आणि युद्धाची घाई

हिंगोलीची ओळख आपण नामदेवांच्या नरसीने आणि औंढ्याच्या नागनाथाने करून देतो, आणि ते योग्यच आहे. पण या गावास छावणीचाही इतिहास आहे. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली चालणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची जी फौज होती, तिचे एक ठाणे येथे होते. 1903 साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. 1922 मध्ये तिच्या पायदळ पलटणींतून हैदराबाद रेजिमेंट बनली आणि 1945 साली त्याच रेजिमेंटचे नाव कुमाऊँ असे झाले. नाव हिमालयातले, मूळ मात्र दख्खनचे!

या रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनची एक कंपनी 18 नोव्हेंबर 1962 रोजी लडाखात रेझांग ला येथे लढली. मेजर शैतानसिंग आणि त्यांचे शंभराहून अधिक जवान तेथे कामी आले. त्यांच्या हाती होती ती ‘थ्री नॉट थ्री’ रायफल. दर गोळीमागे हाताने बोल्ट ओढावयाचा, मग पुढची गोळी. तिचा नमुना 1907 सालचा. शूरांच्या हाती पंचावन्न वर्षांपूर्वीच्या नमुन्याचे हत्यार का असावे, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. आणि त्याचे उत्तर रणांगणावर नव्हे, कारखान्यात सापडते.

ही रायफल कलकत्त्याजवळ ईशापूरला होई. तिचे सुटे भाग शंभराच्या आसपास. पोलादी कांबीला लांबोळे भोक पाडावयाचे, ते घासून नेमक्या मापाचे करावयाचे, मग आत पिळाचे चर कापावयाचे. नळी किंचित वाकडी झाली तर जाणता कारागीर ती उजेडाकडे धरून, आतल्या सावलीची रेघ पाहून सरळ करी. दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड नीट वाळलेले लागे. शिवाय कोणताही भाग कोणत्याही रायफलीत बसला पाहिजे, म्हणून पायरीपायरीला मापाचे गेज लावून पाहावयाचे. गेज झिजले की माल नापास. म्हणून युद्ध सुरू होताच रात्रपाळी लावली, चार लेथ वाढवले, तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नसे. गेज आणि हत्यारे घडविणारे हात एका महिन्यात तयार होत नाहीत. सरकारी कागदावर आकडा वाढविणे सोपे असते!

इंग्लंडलाही हाच अनुभव आला. 1940 मध्ये डंकर्कहून त्यांचे सैन्य आपली बहुतेक सामग्री मागे टाकून परतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या रायफल कारखान्यावर बाँब पडले. त्यांनी काम अनेक ठिकाणी विखुरले, घडविण्यास सोपा असा ‘नंबर चार’ नमुना चालविला, अमेरिका-कॅनडातही तो बनवून घेतला. नळीत पाचाऐवजी दोनच चर कापूनही भागवले. ईशापूरने मात्र जुनाच नमुना चालू ठेवला. आमच्या मते तेव्हा ते शहाणपणाचे होते. नमुना बदलणे म्हणजे सारी गेज, सारी हत्यारे बदलणे, आणि तोवर कारखाना रिकामा ठेवणे. लढाईच्या ऐन भरात हे कोणास परवडेल? पण 1945 नंतर सतरा वर्षे हाती होती, त्याचे काय?

1962 च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीस संरक्षणमंत्री झाले आणि त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचे वेगळे खाते निघाले. बेल्जियमच्या नमुन्यावरून बेतलेली 7.62 मिलिमीटरची आपोआप भरणारी रायफल ईशापुरात होऊ लागली. पण ती पुरेशा संख्येने येईपर्यंत जवानाने काय हाती धरावे? म्हणून एक मधला मार्ग निघाला. तीच जुनी बोल्टची रायफल, जवळजवळ त्याच यंत्रांवर, अधिक मजबूत पोलादाची आणि नव्या काडतुसाच्या मापाची घडविण्यात आली. तिला ‘2 ए’ म्हणत. काडतुसांचीही निकड होतीच. ती भागविण्यासाठी 1964 साली जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ वरणगाव येथे नवा कारखाना उभा राहिला.