खर्रा, लाळ आणि क्ष-किरण : वर्ध्याच्या तोंडाचा इतिहास

१/ इ.स. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला. नजराण्यात एक नवलाची वस्तू होती : तंबाखू. पोर्तुगीजांनी आणलेले हे अमेरिकी पान तोवर दख्खनेत रुळले होते. बादशहाने झुरका घेतला, हकिमाने हरकत घेतली. १६१७मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. सवय मात्र बंदीला पुरून उरली.

२/ पुढे पोरवयातील मोहनदास गांधी काकांनी टाकलेली सिगारेटची थोटके ओढू लागले. थोटकांतून धूर निघेना, म्हणून नोकराच्या खिशातले पैसे चोरून विड्या आणल्या. ही कबुली त्यांच्या आत्मकथेत आहे. १९३६मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी राहावयास आले. १९४२मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिताना त्यांनी तंबाखू ओढणे, खाणे आणि हुंगणे या तिन्ही सवयींचा निषेध केला.

३/ या सवयींचा पहिला आघात लाळेवर होतो. माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. जवळजवळ सगळे पाणीच. पण उरलेल्या अंशात आम्ल शमवणारे क्षार, जंतूंशी लढणारी विकरे आणि दातांना बळ देणारे कॅल्शियम असते. तोंडाची राखण करणारा हा पहिला पहारेकरी.

४/ धूर या पहारेकऱ्यालाच नामोहरम करतो. धुरातील हायड्रोजन सायनाइडचे शरीर थायोसायनेट करते आणि ते लाळेत उतरते. म्हणूनच लाळ तपासून धूम्रपान ओळखता येते. लाळेतील पेरॉक्सिडेज या संरक्षक विकराची क्रियाही धुराने मंदावते.

५/ वर्ध्यात मात्र धुराहून खर्रा अधिक ओळखीचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. सुपारी-तंबाखूतील घातक द्रव्ये लाळेत विरघळतात आणि तासन्‌तास गालाच्या अस्तराला भिडून राहतात. सुपारीने अस्तराखाली तंतू साचतात, गाल ताठरतो, तोंड उघडेनासे होते. या विकाराचे आधुनिक वैद्यकातील पहिले वर्णन १९५२चे.

६/ आता दुसरी बाजू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेनला क्ष-किरण गवसले. काही आठवड्यांतच जर्मन दंतवैद्य ओटो वॉकहॉफने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. अमेरिकेतील एडमंड केल्स यंत्र जुळवताना स्वतःचा हात किरणांत धरत असे. आधी बोटे गेली, मग हात गेला. १९२८मध्ये त्याने आयुष्य संपवले. क्ष-किरणांचे भय असे रक्ताने लिहिले गेले आहे.

७/ पण मात्रा बदलली की अर्थ बदलतो. आज दाताच्या एका छोट्या एक्स-रेची मात्रा साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढी असते. लाळग्रंथी सुकवण्यास ती पुरत नाही. ग्रंथी सुकतात त्या कर्करोगाच्या उपचारात, जिथे गाठीला ६० ते ७० ग्रे मात्रा द्यावी लागते. जीव वाचतो, पण कोरडा घास गिळण्यासाठी पाण्याचा पेला जवळ ठेवावा लागतो.

८/ म्हणजे लाळेचा वैरी तंबाखूच : आधी थेट, मग कर्करोगाच्या वाटेने. वर्धा जिल्ह्यात १९६९पासून सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९१पासून सावंगीचे दंत महाविद्यालय. दारूबंदी आहे. २०१२पासून राज्यात गुटखाबंदीही आहे. पण खर्रा कारखान्यात नव्हे, टपरीवर हाताने घोटला जातो. त्याला पकडणे कठीण.

९/ एक्स-रेच्या नावाने बिचकणारा माणूस पन्नी मात्र निर्धास्तपणे उघडतो, तेव्हा चूक केवळ त्याची नसते. किरणांचे भय तीस वर्षांत रुजले, कारण त्यांचे बळी डोळ्यांसमोर गेले. तंबाखू चारशे वर्षे पाहुणचाराचा भाग बनून घरात राहिली. ओळखीच्या वैऱ्याची भीती वाटत नाही, एवढेच.