दार उघडणारा मास्तर



चित्रकलेचा आणि आपला काय संबंध, असं आपल्यातलेच काहीजण विचारतात. मी साच्यावर उभा राहणारा माणूस. कॉलेजाची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते रातपाळी सुटल्यावर, डोळे चोळत. तरी ही गोष्ट सांगतोय, कारण ती चित्रांची कमी आणि प्रवेशाची जास्त आहे. दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगू?

पश्चिम जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहर. तिथल्या सरकारी कला अकादमीत १९६१ साली योसेफ बॉइस नावाचा शिल्पकार प्राध्यापक म्हणून लागला. संगमरवराच्या बाया घडवणाऱ्यांतला हा नव्हे. हा चरबी घ्यायचा, मध घ्यायचा, लोकर दाबून केलेला जाड नमदा घ्यायचा. १९६५ साली मेलेला ससा कुशीत घेऊन त्याला चित्रं समजावत बसला. लोक म्हणाले, येडा आहे. पण वर्गात तो पोरांबरोबर गोल करून तासन् तास वाद घालायचा. त्याचं म्हणणं एकच : प्रत्येक माणूस कलावंत आहे. म्हणजे सगळ्यांनी ब्रश धरा असं नाही. घडवण्याची ताकद प्रत्येकात आहे, आणि समाज ही सगळ्यांनी मिळून घडवायची वस्तू आहे.

असं भाषणात सगळेच बोलतात. बॉइसनं ते प्रवेशाच्या फॉर्मवर लागू केलं, तिथंच ठिणगी पडली. १९६८ सालीच काही सहकारी प्राध्यापकांनी त्याच्यावर अविश्वास जाहीर केला होता. १९७१ साली अकादमीनं २३२ अर्जदारांपैकी १४२ जणांना नापास केलं. बॉइस म्हणाला, हे सगळे माझ्या वर्गात. ऑक्टोबरात तो नाकारलेल्या पोरांना घेऊन अकादमीच्या कचेरीत ठाण मांडून बसला. सरकारनं तेव्हा नमतं घेतलं. १९७२ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा ५४ जणांना घेऊन बसला. या वेळी मंत्री योहानेस राऊ यांनी त्याला सरळ बडतर्फ केलं. पोलिसांच्या रांगेतून हसत बाहेर पडणारा बॉइस, असा एक फोटो आहे. तो पुढे पोस्टकार्डावर छापला गेला.

आता शिष्य बघा. आनाटोल हेर्त्सफेल्ड. मुळचा लोहार, नोकरीनं पोलीस. नोकरी न सोडता १९६४ पासून बॉइसकडे शिकला. मास्तरला काढल्यावर यानं झाडाच्या ओंडक्यातून होडी कोरली. १९७३ च्या ऑक्टोबरात मास्तरला तिच्यात बसवून ऱ्हाईन नदी पार केली, अकादमीच्या काठाला आणलं. मास्तरला बाहेर काढणारे पोलीस, आणि नदीतून परत आणणाराही एक पोलीसच! बॉइस कोर्टात गेला. १९७८ साली निकाल लागला : बडतर्फी बेकायदेशीर. तडजोडीत त्याची अकादमीतली खोली त्याच्याकडेच राहिली. शिकवण्याची नोकरी मात्र परत आली नाही.

दुसरा शिष्य पालेर्मो. यानं दुकानातून रंगीत कापड आणलं, पट्टे एकमेकांना शिवून घेतले, चौकटीवर ताणले. झालं चित्र. रंगाचा थेंब नाही. ते छापील पुस्तकात पाहिलं आणि मी थबकलो. आयुष्यभर कापड काढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की नुसतं कापड भिंतीवर चित्र म्हणून उभं राहू शकतं. पण मनात हेही आलं की चित्राखाली नाव पालेर्मोचं. ते विणणारा कोण, शिवणारा कोण?

क्नोबेलनं लाकूड आणि हार्डबोर्डचे तुकडे रचले. कातारिना सीफरडिंगनं स्वतःच्या चेहऱ्याचे प्रचंड फोटो केले. इमेनडॉर्फ राजकीय चित्रांकडे वळला, अकादमीतून बाहेर काढला गेला, आणि १९९६ साली तिथंच प्राध्यापक झाला. यातला एकही मास्तरची नक्कल वाटत नाही. मास्तराचा वारसा मोजायचा तर मी इथून मोजीन.

पण बॉइसची आरती करायला मी हे लिहीत नाही. हा माणूस हिटलरच्या विमानदलात स्वतःहून भरती झालेला. १९४४ साली क्रिमियात विमान कोसळलं, तातारांनी चरबी चोळून, नमद्यात गुंडाळून वाचवलं, असं तो सांगायचा. कागदपत्रं सांगतात की त्याला जर्मन पथकानंच उचलून लष्करी दवाखान्यात नेलं. १९८० साली बेंजामिन बुखलो या समीक्षकानं या दंतकथेवर जाहीर टीका केली. तरी भक्तांना ती कथाच प्यारी. मास्तरची हॅट, मास्तरचं जाकीट, मास्तरची दंतकथा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. कलेतली भक्ती काय वेगळी करणार? आणि आपल्या चळवळीतली?

अजून एक. बडतर्फ झाला तेव्हा बॉइस नावाजलेला होता, गॅलऱ्या पाठीशी होत्या. नाकारलेल्या पोरांकडे काय होतं? मी वाचलं त्यात त्या ५४ जणांची नावं नाहीत. फोटो मास्तरचा छापला. दार उघडणाऱ्याचं नाव राहतं, दारात उभे राहिलेले पुसले जातात. हे आपण आपल्याकडे होऊ देता कामा नये.

म्हणून सांगतो, वस्तीत अभ्यासवर्ग काढाल, भित्तिपत्रक काढाल, तेव्हा निवड करायला बसू नका. ज्याला अक्षर वाकडं येतं त्यालाही लिहू द्या. आणि खाली सगळ्यांची नावं घाला. शाई पुरली नाही तर शेवटी माझं कापा.